औषधाची धार

फराळाचे ताट पुढे असताना डासाचा विषय काढणे हे कोणालाही औचित्यभंगाचे वाटेल. घरात तेलाचा आणि उटण्याचा वास दरवळतो आहे, मुले किल्ल्यावर मावळे मांडीत आहेत, आणि अशा वेळी हा मनुष्य आपल्यापुढे डास आणि डी.डी.टी. घेऊन का बसला? पण नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडतो, नरकासुराचा वध झाला म्हणून समाधान मानतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवे कारीट शोधायला निघतो. असुर एकदा मारून भागत नाही, ही जाणीव आपल्या सणातच मुरलेली आहे. हिवतापाच्या डासाच्या बाबतीत मात्र आपण ती विसरलो. त्या विसराची हकीगत सांगावी आणि तिच्यातून निघणारा एक नैतिक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न असा. बाजारातून मी विषाचा डबा विकत आणला, तर डबा माझा झाला. त्यातली पूडही माझी झाली. परंतु त्या पुडीच्या अंगी जी मारण्याची शक्ती आहे, तिला जी धार आहे, ती कोणाची? माझी? करणाऱ्या कारखान्याची? की माझ्यानंतर ज्यांना तिची गरज पडणार आहे, त्यांचीही?

ज्या मुलखात बसून मी हे लिहितो आहे, त्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात पाण्याला तोटा नाही. वेल्ह्याच्या तालुक्याला आता राजगड म्हणतात. पण माणसांच्या तोंडी वेल्हे हेच नाव बसलेले आहे. तोरणा आणि राजगड यांच्या पायथ्याशी पाऊस कोसळतो, भाताची खाचरे भरतात, ओढे-ओहोळ महिनोन् महिने वाहत राहतात. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव असे एकामागून एक जलाशय याच डोंगरांच्या कुशीत झाले. हिवताप वाहणाऱ्या डासाच्या मादीला अंडी घालायला असेच पाणी लागते. गटारातली घाण तिला रुचत नाही. अ‍ॅनॉफिलिस फ्लुव्हिएटिलिस नावाची जात डोंगरपायथ्याच्या संथ, स्वच्छ झऱ्यांच्या काठी वाढते. अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस ही दुसरी जात खाचरे, पाट आणि नदीपात्रातले डोह पसंत करते. हिला माणसापेक्षा गुराचे रक्त अधिक प्रिय. आणि मावळातल्या जुन्या घरांची रचनाच अशी, की एकाच छपराखाली एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला चूल. तिला जेवायला फार हिंडावे लागत नसे.

या डासामुळे काय होत असे, याची कल्पना आजच्या पिढीला येणे कठीण आहे. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास देशात दर वर्षी साडेसात कोटी माणसांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख माणसे त्याने मरत, असा त्या काळचा अंदाज होता. जे मरत नसत त्यांचे काय? ऐन लावणीच्या दिवसांत घरातला कर्ता पुरुष घोंगडीखाली कुडकुडत पडलेला. पोरांची पाणथरी वाढून पोट पुढे आलेले. गरोदर बाईच्या अंगात रक्ताचा थेंब नाही. हिवताप मारी त्याहून अधिक जणांना तो अर्धे करून सोडी, आणि अर्ध्या झालेल्या माणसाचे शेत सावकाराकडे जाई.

अशा वेळी डी.डी.टी. आले. हे रसायन प्रयोगशाळेत तयार झाले होते १८७४ साली, परंतु ते कीटक मारते हे पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले १९३९ मध्ये. १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या तेव्हाच्या मुंबई इलाख्यात डॉ. विश्वनाथन यांनी १९४६ पासून कानडा आणि धारवाड जिल्ह्यांतल्या खेड्यांत घराघरांतून डी.डी.टी. फवारून पाहिले, आणि हिवताप ओसरला. त्याची युक्ती साधी होती. डासाची मादी रक्त पिऊन जड होते आणि ते पचेपर्यंत जवळच्या भिंतीवर विसावते. त्या भिंतीवर चौरस मीटरला १ ग्रॅम या मानाने डी.डी.टी. असेल, तर ते पायांतून तिच्या अंगात भिनते आणि ती मरते. एकदा फवारलेली भिंत कित्येक आठवडे पहारा करी. १९५३ मध्ये हे काम देशभर सुरू झाले, ते ‘नियंत्रण’ या नावाने. यश इतके दिसू लागले, की १९५८ मध्ये नाव बदलून ‘निर्मूलन’ झाले. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण एका लाखाच्या आसपास उतरले होते आणि हिवतापाने मृत्यू झाल्याची नोंद नव्हती. साडेसात कोटींवरून एक लाख! माणसाने माणसासाठी केलेल्या इतक्या मोठ्या कामाची उदाहरणे इतिहासात फार नाहीत, आणि पुढे जे घडले ते वाचताना वाचकांनी हे विसरू नये.

आता पुढचे ऐका. १९४६ मध्येच स्वीडनमधल्या घरमाश्या डी.डी.टी.ला जुमानीनाशा झाल्या होत्या. १९५१ मध्ये ग्रीसमधला हिवतापाचा डास तसाच वागताना दिसला. आणि १९५९ मध्ये पंचमहाल जिल्ह्यातल्या क्युलिसिफेसिस डासाविषयी तसाच अहवाल प्रसिद्ध झाला. पंचमहाल आज गुजरातेत आहे. त्या वर्षी तो आणि आमचे भोर-वेल्हे एकाच मुंबई राज्यात होते. म्हणजे ‘निर्मूलना’ची पाटी लागून पुरते दीड वर्षही झाले नसेल, तोच घरातल्या शत्रूने चिलखत घातल्याची वार्ता आली.

हे चिलखत त्याने कोठून आणले? वर्गात हा धडा चालू असताना एका मुलाने मला विचारले होते, “गुरुजी, डास शिकतात का हो?” प्रश्न फार चांगला होता, कारण बहुतेक मोठ्या माणसांचीही समजूत तशीच असते. डास शिकत नाही. समजा, एका खोऱ्यात दहा लाख डास आहेत, आणि त्यांतल्या दहांच्या अंगी जन्मतःच काही वेगळेपण आहे. कोणाच्या शरीरात विष मोडून टाकणारा रस अधिक आहे. कोणाच्या मज्जातंतूवरील ज्या दाराला विष जाऊन चिकटते, त्या दाराची घडण किंचित निराळी आहे. आकडे समजुतीपुरते आहेत. एरवी या दहा जणांना आपल्या वेगळेपणाचा काडीचा उपयोग नसतो. मग फवारणी होते. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्वद मरतात आणि सारे खोरे या दहांना मोकळे मिळते. उबदार दिवसांत अंड्यापासून डास व्हायला दहा-बारा दिवस पुरतात. पुन्हा फवारणी, पुन्हा तीच निवड. काही वर्षांत खोरे पहिल्याइतकेच भरते, पण आता ते त्या दहांच्या वंशजांनी भरलेले असते. शेतकरी जसे बी निवडतो, तसे आपणच हे वाण निवडले. डासाच्या ठायी कपट नव्हते की सूडबुद्धी नव्हती. त्यामुळे या गोष्टीत नीती-अनीतीचा जो भाग आहे, तो सगळा माणसाच्या पदरात पडतो.

दुसरी अडचण अशी, की एका औषधाची धार गेली म्हणजे कधी कधी दुसऱ्याचीही जाते. डी.डी.टी.नंतर बी.एच.सी. आले, मग मॅलॅथिऑन आले, आणि नंतर पायरेथ्रॉइड वर्गातली औषधे आली. आज मच्छरदाण्यांना लावतात ती याच वर्गातली. मॅलॅथिऑनला न जुमानणारा क्युलिसिफेसिस १९७० च्या दशकात गुजरातेत आढळला. डेल्टामेथ्रिन या पायरेथ्रॉइडला न जुमानणारा २००२ च्या सुमारास सुरतेकडे आणि रामेश्वरात नोंदला गेला. डी.डी.टी. आणि पायरेथ्रॉइड ही मज्जातंतूच्या एकाच दारावर घाव घालतात. म्हणून पहिल्याने घडवलेला डास दुसऱ्यालाही अर्धवट तयारच असू शकतो. बापाने केलेल्या खर्चाचे व्याज मुलाच्या नावावर चढावे, तसे हे आहे.

१९७६ मध्ये देशातल्या रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. याचा सगळा दोष प्रतिकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. औषधाचा तुटवडा होता, तेलाचे भाव कडाडले होते. आणि रोग दिसेनासा झाल्यावर त्याच्यासाठी पैसा व माणसे कशाला, असे वाटणे हा तर मनुष्यस्वभाव आहे. श्रीलंकेत १९६३ साली केवळ १७ रुग्ण उरले होते. तेथे फवारणी थांबली, आणि १९६८-६९ च्या साथीत पाच लाखांहून अधिक माणसे तापाने फणफणली. १९७७ मध्ये आपल्याकडची योजना बदलून तिला पुन्हा आटोपशीर रूप देण्यात आले. मोठी प्रतिज्ञा केलेल्या माणसाला मान खाली घालून पुन्हा रोजच्या कामाला लागावे लागते, तसे ते झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही धार कोणी संपवली?

कोणी म्हणेल, ज्यांनी घरे फवारली त्यांनी. मला हे पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ मध्ये जगभर निर्मूलनाचा संकल्प केला, तेव्हा तिच्या तज्ज्ञांना प्रतिकाराची चाहूल लागलेली होती. उलट, औषधाची धार बोथट होण्यापूर्वीच रोग संपवावा, म्हणून तर त्यांना घाई होती. ती शर्यत होती आणि ती लावण्याजोगी होती. तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला, “बाई, तुझ्या पणतवंडांसाठी हे औषध राखून ठेवायचे आहे,” असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. आजच्या मुलाचा हक्क उद्याच्या मुलाच्या हक्कापेक्षा दुबळा नसतो.

पण त्याच काळात हीच पूड दुसरीकडे कोठे कोठे जात होती, हे पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते. शेतातल्या पिकांवर ती धुरळली जात होती. आपल्याकडे डी.डी.टी.चा शेतीतला वापर बंद झाला १९८९ मध्ये. तोपर्यंत शेतातल्या पाण्यात वाढणाऱ्या डासाच्या पिल्लांना ते विष बाळपणापासूनच थोडेथोडे मिळत गेले, आणि थोडे विष म्हणजे निवडीची उत्तम शाळा. शर्यतीचा बैल दिवसा शर्यतीला उभा करायचा आणि रात्री शेजाऱ्याच्या नांगराला जुंपायचा, असा हा प्रकार झाला. घर फवारणाऱ्याने प्राण वाचवण्यासाठी धार खर्च केली. शेतात फवारणाऱ्याने पीक वाचवण्यासाठी. आणि आज खिडकीला जाळी लावण्याचा कंटाळा म्हणून रात्रभर वडी किंवा यंत्र जाळणारे आपण ती निव्वळ सोयीसाठी खर्च करतो. तिघांनीही आपापले पैसे मोजले होते. परंतु जे खर्च झाले, त्याची किंमत कोणत्याच दुकानात लागत नव्हती.

ही गोष्ट आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला सोपी जावी. भाटघरचे धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले. त्यात साठणारे पाणी खाली बारामती, फलटणकडे जाते. ज्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली ते येथले, आणि ज्यांचा ऊस भिजतो ते तिकडचे. या पाण्यावरून भांडणे होतात. पण साठा किती, पाळी कोणाची, आधी पिण्याचे मग शेतीचे, हे कोठेतरी लिहिलेले असते. पाटावर पाटकरी असतो. औषधाची धार हाही साठाच आहे; परंतु तिला पाटकरी नाही, पाळी नाही, आणि साठा किती उरला हे तो आटल्यावरच कळते.

याहून जवळचे उदाहरण देवराईचे आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात अजून देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शहरातल्या सुशिक्षितांचे तिकडे लक्ष गेले. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही. पण त्यामागचे शहाणपण स्पष्ट आहे. सगळे रान आपले असले, तरी त्यातला एक तुकडा हात न लावता ठेवावा; त्या तुकड्यातून झरा जिवंत राहतो आणि बी टिकते.

गंमत अशी, की अगदी आधुनिक विज्ञानानेही शेतकऱ्याला देवराईच राखायला सांगितली होती. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी दिली जाई. ती कडेने पेरावी, त्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा संकर प्रतिकार करणाऱ्या अळ्यांशी होत राहावा, म्हणजे प्रतिकाराचे वाण शुद्ध होऊन माजणार नाही, असा हेतू होता. किती जणांनी ती पुडी पेरली? बहुतेकांनी ती फेकून दिली. आणि त्यांना नावे तरी कशी ठेवावीत? दोन-चार एकरांच्या कोरडवाहू धन्याला, अळीसाठी चार ओळी सोडून दे, असे सांगणे सोपे. त्या ओळींचे नुकसान त्याला भरून कोण देणार होते? २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाची जी दैना केली, तीत पुडी फेकणारा आणि पेरणारा दोघेही सारखेच बुडाले. सामायिक ठेवीची हीच तऱ्हा असते: उधळणाऱ्याचा लाभ त्याचा एकट्याचा, आणि तोटा मात्र वाटून.

म्हणून मला वाटते, येथे संयमाचा उपदेश सरसकट करून चालणार नाही. कोणी किती संयम करायचा, याची पायरी ठरवावी लागेल. पहिला हक्क प्राणाचा. गडचिरोलीच्या जंगलात आजही हिवताप आहे. तेथल्या झोपडीत औषध फवारताना कोणी हात आखडू नये. दुसरा हक्क पिकाचा, पण तो मोजून-मापून. आणि त्याने जे सोडायचे त्याचा भार एकट्या लहान शेतकऱ्यावर न टाकता सर्वांनी उचलून. शेवटचा हक्क सोयीचा. आणि जेथे दुसरा उपाय हाताशी आहे, तेथे सोयीला हक्कच नाही. साध्या सर्दीला भारी गोळी मागून घेणाऱ्या आपल्या घरांनाही हाच नियम लागू आहे, कारण जंतूंची निवडही डासांसारखीच होते. संयम गरजवंताने कमी आणि सुखवस्तूने अधिक पाळायचा असतो. आपल्या समाजात नेमके याच्या उलट घडते.

आणि एक गोष्ट. काही उपाय असे आहेत, की त्यांची धार जात नाही. १९११ साली बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची पाहणी केली आणि शहरातल्या उघड्या विहिरी झाका किंवा बुजवा, असे सांगितले. लोकांच्या धर्मभावना दुखावल्या, पुष्कळ वाद झाले. पण झाकलेल्या विहिरीला प्रतिकार करणारा डास अजून जन्माला आलेला नाही. डबक्यात सोडलेले गप्पी मासे, आठवड्यातून एकदा कोरडी केलेली टाकी, खिडकीची जाळी ही सारी त्याच जातीची. भाताची खाचरे बुजवता येत नाहीत, हे खरे; म्हणून औषध लागणारच. परंतु जेथे कुदळीने, झाकणाने आणि जाळीने काम होते, तेथे विष वापरणे म्हणजे घरच्या चिल्लरीने भागत असताना ठेवीला हात घालणे होय. ही कामे कंटाळवाणी आहेत, त्यांत विजयाचा नगारा वाजत नाही, आणि ती कधी संपतही नाहीत. कदाचित म्हणूनच ती आपल्याला आवडत नसावीत.

धार उधळली की ती गावच्या शिवेपाशी थांबत नाही, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या शहरांतल्या टाक्यांत आणि विहिरींत वाढणारा अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी हा आशियाचा डास २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत आढळला. तेथून तो इथिओपियात आणि पुढे पसरला, आणि कित्येक औषधांना न जुमानण्याचा गुण त्याच्या अंगी दिसून आला. जिबूतीतल्या मुलाने आपले काय वाकडे केले होते?

मात्र निराश होण्याचे कारण नाही. ज्या श्रीलंकेची गोष्ट वर सांगितली, त्याच श्रीलंकेला २०१६ मध्ये हिवतापमुक्त देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. तेथे चमत्कारिक औषध सापडले नव्हते. औषधे बदलून, जपून वापरली गेली; प्रत्येक तापकऱ्याचे रक्त तपासले गेले; आणि रुग्ण कमी झाल्यावरही काम थांबले नाही. आपल्या देशानेही २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचे ठरवले आहे.

दिवाळीपूर्वी आपण घराच्या भिंती सारवतो, रंगवतो. ज्या भागात फवारणी होते, तेथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे दर वर्षी एवढेच सांगणे असते, की फवारलेल्या भिंतीला काही आठवडे हात लावू नका, आणि देवघर व स्वयंपाकघर फवारू द्या. मागणे लहान आहे. आपल्या भिंतीवरची ती पांढुरकी पूड सरकारी खर्चाने आली असली, तरी तिच्यातली धार आपल्याआधीच्या पिढ्यांनी उरवून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. सण सरला की उरलेल्या पणत्या आपण पुसून पुढच्या वर्षासाठी फळीवर ठेवतो. त्याच हाताने तीही पुढच्यांसाठी ठेवता येईल.